दात आंबवणारे शब्द

हिरवं बोर चावलं की ते लगेच आंबट लागत नाही. आधी जीभ खरखरीत होते, गालाच्या आतली कातडी कुणीतरी दोरी ओढावी तशी आखडते आणि मग मागून आंबटपणा येतो. कच्चं कवठ, पुरतं न भरलेलं जांभूळ, डाळिंबाच्या दाण्यांबरोबर चुकून तोंडात गेलेला पिवळा पापुद्रा, सगळ्यांची तीच तऱ्हा. लाळेतली प्रथिनं जिभेला वंगण घालत असतात. फळातलं टॅनिन त्या प्रथिनांना धरून त्यांचे गोळे करतं, वंगण जातं आणि जीभ टाळूला घासू लागते. म्हणजे तुरट ही चव कमी आणि स्पर्श जास्त. सोलापुरात या एका अनुभवाला तीन नावं आहेत. मराठी घरात तुरट, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात वगरु आणि अक्कलकोटच्या बाजूच्या कन्नड घरात ओगरु. शेवटचे दोन एकाच घरातले, हे कानालाच कळतं.

रोमन लोकांकडेही कच्च्या फळाच्या या आखडवणाऱ्या चवीसाठी शब्द होता: आकेर्बुस. इंग्रजीतला असर्बिक, म्हणजे बोचरा, त्यातूनच आला. इग्झॅसर्बेट, म्हणजे वाईटाला आणखी वाईट करणं, हाही त्यातलाच, फक्त पुढे ‘एक्स’ लागला. हा ‘एक्स’ इथे ‘बाहेर’ या अर्थाचा नाही, ‘पुरेपूर’ या अर्थाचा आहे. पुरतं तुरट-आंबट करून सोडणं, हा त्याचा मूळ अर्थ. दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये ए-सी-ई-आर-बी ही पाच अक्षरं जशीच्या तशी आहेत. एवढं डोक्यात बसलं की स्पेलिंग चुकत नाही आणि वापरही सहसा चुकत नाही.

वापर चुकतो तो शब्दकोशामुळे. कोशात इग्झॅसर्बेटपुढे ‘वाढवणे, तीव्र करणे’ असं लिहिलेलं असतं. मग विद्यार्थी बिनधास्त लिहितो की नव्या रस्त्याने व्यापार इग्झॅसर्बेट केला. व्याकरण बरोबर, वाक्य चूक. बोर आधीच कच्चं असावं लागतं. जे मुळातच वाईट आहे त्यालाच हा शब्द लागतो: दुखणं, टंचाई, तणाव, भांडण, कर्ज. उन्हाळ्यात पाणी चार दिवसांआड येतंय आणि त्यात जलवाहिनी फुटली, तर फुटण्याने टंचाई इग्झॅसर्बेट झाली. पाणी रोज येत असताना जलवाहिनी फुटली तर टंचाई इग्झॅसर्बेट झाली नाही, टंचाई निर्माण झाली. लिहिण्याआधी एकच विचारायचं: हे आधीपासून आंबट होतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर शब्द बदला.

हा शब्द सोलापुरात सर्वांत जास्त कुठे दिसत असेल, तर दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटच्या कार्डावर ‘ॲक्यूट एक्सॅसर्बेशन’ लिहिलेलं असतं आणि घरचे लोक ते वाचून हबकतात. डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ नेमका आहे. जुना आजार होताच, त्याने उचल खाल्ली. धूळ, धूर, थंडी किंवा सर्दी-खोकल्याच्या संसर्गाने श्वास एकदम अडला, औषधाने तो खाली येईल, पुन्हा वरही जाऊ शकेल. आजार कायमचा पुढच्या पायरीवर गेला तर त्याला प्रोग्रेशन म्हणतात. हा फरक कळणं रुग्णाच्या घरच्यांना उपयोगाचं आहे, कारण एक्सॅसर्बेशनच्या मागे बहुतेकदा काहीतरी कारण सापडतं आणि ते पुढच्या वेळी टाळता येतं. मराठीत यासाठी ‘आजार बळावला’ असा चांगला शब्द आहे. ‘दम्याने उचल खाल्ली’ तर त्याहून चांगला. कार्डावर तो कुणी लिहीत नाही, ही वेगळी गोष्ट.

आता ‘ॲक्यूट’कडे बघा. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ टोकदार केलेला, सुईसारखा. तो आणि एक्सॅसर्बेशन एकाच मुळातून निघाले आहेत. त्या मुळाचा उच्चार ‘अक्’च्या जवळपासचा आणि अर्थ टोक, धार. आंबट चव जिभेला टोचते, म्हणून धारेचा शब्द चवीला लागला. ॲसिड त्यातलाच. आंबट दारूचं, म्हणजे व्हिनेगरचं, लॅटिन नाव आकेटुम, म्हणून ॲसिटिक ॲसिड. संस्कृतातही हे मूळ आहे: अश्रि, म्हणजे कड, कोपरा. चार अश्रींचं ते चतुरश्र आणि त्याचा मराठीत घासून-पुसून झालेला चौरस. सोलापुरी चादरीवर ज्या चौकोनांची नक्षी असते तो चौरस आणि बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलेली ॲसिडची बाटली हे लांबचे भाऊ आहेत. ऐकून खरं वाटत नाही, पण तसंच आहे.

इंग्रजीत धारेला ‘एज’ म्हणतात, तोही याच घरातला. जुन्या नॉर्स भाषेतून त्याचा एक भाऊ इंग्रजीत आला आणि ‘एग ऑन’ झाला. त्याचा कोंबडीच्या अंड्याशी काहीही संबंध नाही. एखाद्याला धार लावणं, टोचून टोचून भांडायला उठवणं, असा त्याचा अर्थ. आपण ‘काड्या करणे’ म्हणतो ते हेच. दोघं भांडतायत, तिसरा लांब उभा राहून ‘सोडू नको बे त्याला’ म्हणतोय, तर तो तिसरा एग ऑन करतोय. भांडण इग्झॅसर्बेट होतं, माणसाला एग ऑन केलं जातं. एकाचं कर्म गोष्ट, दुसऱ्याचं कर्म माणूस. इतकं पाळलं तरी पुरे.

आणि दात. कच्ची द्राक्षं खाल्ली की मराठीत दात आंबतात आणि इंग्रजीत दात ‘ऑन एज’ जातात, म्हणजे धारेवर. बायबलच्या जुन्या करारात म्हण आहे की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. नान्नजकडच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. कच्च्या द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन आम्लं असतात. पिकताना मॅलिक झपाट्याने कमी होतं, उन्हात तर आणखी वेगाने, आणि साखर चढत जाते. म्हणून तोडणीआधी मण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतात. पण घाईने बाजार धरायचा म्हणून आधी तोडलेला घड नंतर पिकत नाही, कारण वेलीवरून उतरलं की द्राक्ष गोड होणं थांबतं. केळ्यासारखं ते गवतात ठेवून भागत नाही. दात आंबतात तेव्हा आम्लाने दाताचं वरचं कवच थोडंसं मऊ झालेलं असतं. तेव्हा लगेच ब्रश घासणं म्हणजे इग्झॅसर्बेट करणं. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि निदान अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही.

व्हिनेगर हा शब्द फ्रेंचमधून आला. ‘व्हॅ’ म्हणजे वाइन, ‘एग्र’ म्हणजे आंबट. हा एग्र इंग्रजीत आणखी एका वेषात फिरतो, ‘ईगर’ म्हणून. आज ईगर म्हणजे उत्सुक, पण आधी त्याचा अर्थ आंबट, बोचरा असाच होता. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये बापाचं भूत सांगतं की कानात ओतलेल्या विषाने माझं रक्त असं गोठलं, जसं ‘ईगर’ थेंब दुधात पडावेत. तिथे ‘उत्सुक थेंब’ असं भाषांतर केलं तर सगळंच नासलं. आंबट थेंब पडून दूध फाटलं, एवढंच त्या भुताला म्हणायचं आहे.

दूध फाटणं आणि दूध विरजणं यांतला फरक मराठी स्वयंपाकघराला जितका माहीत आहे तितका इंग्रजीला नाही. एक लिटर दूध तापवून ते बोट सोसेल इतकं, म्हणजे साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत, निवू द्यायचं. त्यात एक छोटा चमचा दही घालून दोनदा ढवळायचं आणि मग हलवायचं नाही. जिवाणू हळूहळू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता साधारण 4.6 पीएचच्या आसपास पोचली की दुधातलं केसीन हे प्रथिन एकसंध धरतं. आम्ल लिंबू पिळून उकळत्या दुधात एकदम आणलं की केसीनचे गोळे होतात आणि पाणी वेगळं होतं. आम्ल तेच काम करतं, फरक सावकाशीचा. दूध फार गरम असताना विरजण घातलं तर जिवाणूच मरतात आणि सकाळी भांड्यात न लागलेलं पातळ दूधच सापडतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर घरातच इतका उष्मा असतो की दही चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला तोंड वाकडं करतं. तेव्हा विरजण अर्धा चमचाच घालायचं आणि लागल्या लागल्या फ्रिजमध्ये ठेवायचं.

इथे भाषांतराचा एक खड्डा आहे. मराठीत उत्साहावर विरजण पडतं. ते इंग्रजीत ‘सावर’, म्हणजे आंबट, करून लिहिता येत नाही. सावर होतात ती नाती, सौदे, मूड आणि दूध. आणि नाती सावर झाली हे मराठीत आणायचं तर आपण आंबटाला हात लावत नाही, आपण म्हणतो संबंधांत कटुता आली. इंग्रज जिथे आंबट होतो तिथे मराठी माणूस कडू होतो. उलट मराठीत कष्टाने अंग आंबतं, आणि आंबटशौकीन माणसाचा तर चिंचेशी काही संबंध नसतो. या दोन्ही ठिकाणी ‘सावर’ शब्द टाकला तर समोरचा इंग्रज गोंधळून बघत राहील.

कडू या शब्दाचीच एक गंमत आहे. तो संस्कृत कटुपासून आला, पण आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून होतं ते त्रिकटु. त्यात कडू काही नाही, सगळं झोंबणारं आहे. कडूला तिथे तिक्त म्हणतात. म्हणजे मराठीत येता येता कटु एक घर सरकला. चवींचे शब्द असे सरकतातच, कारण जिभेला टोचणाऱ्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी बसलेल्या असतात. इंग्रजी ‘बिटर’चंही असंच. तो ‘बाइट’चा, म्हणजे चावण्याचा नातलग. कडू चव जिभेला चावते, असं त्या जुन्या जर्मानिक लोकांना वाटलं. म्हणून इंग्रजीत थंडीसुद्धा बिटर असते, ती चावते. आपल्याकडे ती कडाक्याची असते. आणि मराठीतला कडवा कार्यकर्ता बिटर नसतो, तो हटून निष्ठावान असतो. बिटर कार्यकर्ता म्हणजे तिकीट न मिळालेला.

चावणारा आणखी एक शब्द सोलापूरच्या रंगकामाला अगदी जवळचा आहे: मॉर्डंट. मूळ लॅटिन, अर्थ ‘चावणारा’. नैसर्गिक रंगकामात सूत आणि रंग यांना एकमेकांत चावून धरणाऱ्या क्षाराला मॉर्डंट म्हणतात. त्यात सर्वांत जुनी आणि सोपी आपली तुरटी. तुरट म्हणून तुरटी. सुती धाग्यावर तुरटी एकटी नीट बसत नाही. म्हणून आधी सूत हिरड्याच्या नाहीतर डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात भिजवतात, त्यातलं टॅनिन धाग्याला धरतं आणि मग तुरटी टॅनिनला धरते. एक किलो सुताला साधारण दीडशे ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून, रात्रभर सूत त्यात ठेवून, सकाळी पिळून घेतात. हिरडा टाळला तर रंग पहिल्या धुण्यात निघतो. टॅनिन आणि तुरटी, दोन्ही तोंड आखडवणाऱ्या आणि दोन्ही धरून ठेवणाऱ्या. आखडणं आणि धरणं ही एकच क्रिया आहे. इंग्रजीत तुरटाला ‘ॲस्ट्रिंजंट’ म्हणतात, तो लॅटिनमधल्या ‘बांधून आवळणे’ या क्रियापदापासूनच आला आहे. आणि मॉर्डंट विनोद म्हणजे बोचरा, चावणारा विनोद. त्याच ‘चावण्या’पासून ‘रिमोर्स’ झाला: पुन्हा पुन्हा चावणं, पश्चात्ताप. मराठी माणूस म्हणतो, मन खातंय. एकमेकींकडून एकही शब्द उसना न घेता दोन्ही भाषा एकाच जागी पोचल्या.

कॉस्टिक हा मात्र आंबटांच्या पंगतीतला नाही, जरी कोशात तो असर्बिकच्या शेजारी बसवलेला असतो. त्याचं मूळ ग्रीक, अर्थ जाळणारा. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत ज्यांनी व्हॅट रंग बघितलाय त्यांना हे सांगायला नको. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून तो विरघळणाऱ्या रूपात आणतात, सूत त्यात बुडवतात आणि हवेत काढल्यावर खरा रंग परत उमटतो. कॉस्टिक हाताला लागलं तर आधी आंबट-तिखट काही जाणवत नाही, साबण लागल्यासारखं बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे कातडीच विरघळायला लागलेली असते. कॉस्टिक बोलणंही असंच: ऐकताना गुळगुळीत, जळल्याचं घरी गेल्यावर कळतं. असर्बिक बोलणं ऐकतानाच तोंड आखडवतं. आता काम बिघडवायचं कसं तेही सांगतो, कारण लेखाचा विषयच तो आहे. कॉस्टिक हातावर पडलं म्हणून कुणी वर लिंबू पिळतं. आम्ल आणि अल्कली भिडले की उष्णता बाहेर पडते आणि भाजण्यात भर पडते. वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, पंधरा-वीस मिनिटं, आणि दवाखान्यात जायचं. तसंच, कॉस्टिकच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं.

अक्रिड आणि अक्रिमोनियस हे एकाच आईचे, पण एकमेकांच्या घरी न जाणारे भाऊ. अक्रिड नाकातोंडाचा: फोडणीत लाल मिरची करपली की जो धूर उठतो आणि शेजारच्या घरापर्यंत ठसका लागतो, तो अक्रिड. तेल फार तापून धूर सोडायला लागलं की त्यात ॲक्रोलीन तयार होतं, डोळे चुरचुरतात ते त्याने. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच ‘झोंबरं’ हा लॅटिन शब्द घालून ठेवलाय. अक्रिमोनियस मात्र माणसांमाणसांतल्या कटुतेचा: घटस्फोट, वाटणी, सोसायटीची वार्षिक सभा. धूर अक्रिमोनियस नसतो आणि सभा अक्रिड नसते, मंडपात कुणी भजी करपवली नसतील तर.

बिघडवण्याच्या शब्दांत तीन तर कानाला जुळे-तिळे वाटतात आणि परीक्षेत हमखास एकमेकांच्या जागी जातात: इग्झॅसर्बेट, इग्झॅस्परेट, इग्झॅजरेट. पहिला तुरट बोर, झाला. दुसऱ्याच्या पोटात ‘आस्पेर’ आहे, म्हणजे खरखरीत. त्यासाठी सोलापुरी टेरी टॉवेल घ्या. बोअरच्या जड पाण्यात तो धुतला की साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून न विरघळणारा साका होतो आणि टॉवेलच्या फासांत अडकून बसतो. पाचव्या-सहाव्या धुण्यानंतर तो टॉवेल अंग पुसतो की अंग घासतो, कळत नाही. पावडर वाढवली तर साकाही वाढतो. बहुतेक घरात हीच चूक होते. पावडर निम्म्यावर आणायची, एकदा जास्त खळबळायचं आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालायचं. त्या पाण्यात ब्लीच मात्र अजिबात नको, विषारी क्लोरिन वायू सुटतो. सॉफ्टनर घातलं तर टॉवेल मऊ लागतो आणि पाणी टिपायचंच विसरतो. तर इग्झॅस्परेट म्हणजे माणसाचा संयम असा खरखरीत करणं. ते माणसाच्या बाबतीतच होतं. टंचाई इग्झॅसर्बेट होते, टंचाईने नागरिक इग्झॅस्परेट होतात.

तिसऱ्यात ‘आगेर’ आहे, ढीग, मातीचा भराव. राईचा पर्वत करतात तो पर्वत. किंवा आपल्या बोलीत, तिखटमीठ लावून सांगणं. इथे बिघडत काहीच नाही, फक्त सांगणारा ढीग रचतो.

ॲग्रव्हेट जड आहे, अक्षरशः. त्यातला ‘ग्राविस’ आणि आपला ‘गुरु’, म्हणजे वजनदार, हे एकाच मुळाचे. दुखणं जड झालं, असं मराठीतही म्हणतात. कायद्यात ॲग्रव्हेटेड गुन्हा म्हणजे संख्येने वाढलेला गुन्हा नाही, परिस्थितीमुळे जड झालेला. इम्पेअरच्या पोटात तर सरळ ‘आणखी वाईट’ हा लॅटिन शब्दच झिजून बसलाय. मराठीत आपण चिघळवतो, विकोपाला नेतो, आगीत तेल ओततो. चिघळणं जखमेचं आणि विकोप दोषांच्या कोपाचा, म्हणजे हे दोन्ही वैद्याकडून आलेले. वर्तमानपत्रातला ‘वाद चिघळला’ मात्र इतका वापरून झालाय की आता त्यातून पू येत नाही.

या सगळ्या चवी एका वाटीत बघायच्या असतील तर पाडव्याच्या सकाळी पूर्व भागात जावं. त्या दिवशी मराठी घरात कडुनिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, जिरे, हिंग आणि मीठ वाटून गोळी देतात. तेलुगू घरात उगादीची पच्चडी असते, पातळ. दोन वाट्या पाण्यात लिंबाएवढ्या नव्या चिंचेचा कोळ, चार चमचे गूळ, बारीक चिरलेली कैरी दोन चमचे, चिमूटभर मीठ, चिमूटभर तिखट आणि एक छोटा चमचा निंबाची फुलं. गोड, पुलुपु (आंबट), खारट, कारम (तिखट), चेदु (कडू), वगरु. फुलं वाढायच्या आधी दहा मिनिटं घालायची. सकाळीच घालून ठेवली तर त्यांचा कडूपणा सगळ्या पाण्यात उतरतो, आणि मग गूळ वाढवला की चिंच पातळ वाटते, चिंच वाढवली की मीठ कमी पडतं, आणि वाटीची बादली होते. इग्झॅसर्बेट शिकवायला याहून चांगला प्रयोग नाही.

राहिला रँकर. त्याची गणना कुणी आंबटांत करत नाही, पण सोलापूरकराला तो सर्वांत लवकर कळावा. रँकर म्हणजे मनात ठेवलेला जुना राग आणि तो रँसिडचा, म्हणजे खवटाचा, सख्खा भाऊ. मराठीतही माणूस खवट असतो आणि शेंगाही. शेंगाच्या चटणीत दाण्याचं तेल सुटलेलं असतं आणि तेलाला हवा, उजेड, ऊन लागलं की ते ऑक्सिजनशी संयोग पावून खवट होतं. (ऑक्सिजन या नावाचा अर्थ ‘आंबट करणारा’. प्रत्येक आम्लात तो असतोच असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं, म्हणून त्याने हे नाव ठेवलं. ते चूक निघालं, पण नाव राहिलं.) पाव किलो दाणे मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटं, साल सहज सुटेपर्यंत भाजायचे. आच मोठी केली तर बाहेरून करपतात आणि आत ओल राहते. पूर्ण गार झाल्यावरच पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरे आणि मीठ घालून उखळात कुटायचे. गरम कुटले तर गोळा होतो. लसणातली ओल टिकण्याच्या आड येते. प्रवासाला न्यायची असेल तर लसूण आधी कोरडा परतून घ्यावा, डबा घट्ट झाकणाचा घ्यावा आणि तो उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

दही आंबट झालं तर त्याची कढी होते. कारल्याला मीठ चोळून अर्धा तास ठेवलं की थोडं कडू पाणी सुटतं. कच्चं कवठ काही दिवस ठेवलं की पिकतं. खवट दाण्यावर काहीच उपाय चालत नाही. पुन्हा भाजले की वास घरभर होतो, गूळ घातला की गोड खवट लागतो, आणि ते चांगल्या दाण्यांत मिसळून खपवायला गेलं तर सगळा डबा बाहेर ठेवावा लागतो.